बारा आमदार, एक वर्ष : ५ जुलै २०२१ च्या ठरावाचा प्रकरण अभ्यास

५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. तेव्हा या प्रकरणाकडे बहुतेकांनी महाविकास आघाडी विरुद्ध भाजप या सामन्याची एक फेरी म्हणून पाहिले. आम्ही ते पुन्हा उघडतो आहोत, कारण त्या दिवशी पुरोगामी वर्तुळातून ठरावाला विरोध करणारे आवाज फार कमी आले. पुढे संसदेत जे घडले ते पाहता त्या गप्प बसण्याची किंमत मोठी होती.

त्या दिवशी सभागृहात काय झाले

पावसाळी अधिवेशन कोविडचे कारण देऊन दोनच दिवसांचे ठेवले होते, ५ आणि ६ जुलै. अध्यक्षपद रिकामे होते. नाना पटोले यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला होता आणि नवी निवडणूक झालेली नव्हती. ओबीसी आकडेवारीचा ठराव आला तेव्हा खुर्चीवर तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणारे सदस्य) म्हणून शिवसेनेचे भास्कर जाधव होते.

ठराव छगन भुजबळ यांनी मांडला होता. सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणना २०११ मधली ओबीसींची आकडेवारी केंद्राने राज्याला द्यावी, ही त्यातली मागणी. पार्श्वभूमी अशी की ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधले ओबीसी आरक्षण तिहेरी कसोटीला बांधले होते. स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाचा सखोल अभ्यास, त्या अभ्यासावरून प्रत्येक संस्थेसाठी आरक्षणाचे प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत, अशा या तीन अटी. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचा युक्तिवाद होता की न्यायालयाने जनगणनेचे आकडे मागितलेलेच नाहीत, आयोगामार्फत गोळा केलेला अनुभवाधिष्ठित डेटा मागितला आहे, म्हणून केंद्राकडे बोट दाखवणारा ठराव फोल आहे. बोलायला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून भाजपचे सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले. काहीजण अध्यक्षांच्या आसनापर्यंत चढले आणि माईक ओढण्याचा प्रकार झाला. गदारोळातच ठराव मंजूर झाला. कामकाज तहकूब झाल्यावर अध्यक्षांच्या दालनात शिवीगाळ आणि धक्काबुक्की झाली, असे जाधव यांनी सभागृहात सांगितले. आरोप असलेल्या सदस्यांनी ते नाकारले.

यानंतर संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी निलंबनाचा प्रस्ताव मांडला. त्यात बारा नावे होती, मुदत एक वर्षाची होती आणि मुंबई व नागपूर या दोन्ही ठिकाणी विधानभवनाच्या आवारात यायला बंदी होती. आवाजी मतदानाने तो मंजूर झाला. सकाळी घटना, दुपारी प्रस्ताव, लगेच निकाल. कोणी नेमके काय केले याची नावनिशीवार छाननी झाली नाही. आरोप असणाऱ्यांना खुलासा द्यायची संधी मिळाली नाही. माईक ओढणारा आणि नुसता घोषणा देणारा, दोघांच्या पदरी सारखीच शिक्षा आली.

आसनावर चढणे, अध्यक्षांच्या अंगावर जाणे हे गैरवर्तनच आहे, त्याला शिक्षा हवी, यात आमच्या मनात किंतु नाही. प्रश्न शिक्षेच्या मापाचा आणि ती देण्याच्या रीतीचा आहे.

नियम ५३ मध्ये काय लिहिले आहे

महाराष्ट्र विधानसभेच्या नियमावलीत नियम ५३ आहे आणि त्याची रचना पायरी-पायरीची आहे. एखाद्या सदस्याचे वर्तन अध्यक्षांना अत्यंत बेशिस्तीचे वाटले तर ते त्याला बाहेर जायला सांगू शकतात. मग तो त्या दिवसाच्या उरलेल्या बैठकीला गैरहजर राहतो. त्याच अधिवेशनात दुसऱ्यांदा तशी पाळी आली तर अध्यक्ष त्याला जास्तीत जास्त अधिवेशन संपेपर्यंत बाहेर ठेवू शकतात. नियम इथेच थांबतो. वर्ष, सहा महिने, पुढचे अधिवेशन, यांतले काहीही त्यात नाही.

लोकसभेचीही घडण अशीच. नियम ३७३ खाली एका दिवसापुरते बाहेर, नियम ३७४ खाली सदस्याचे नाव घेऊन प्रस्तावाद्वारे फार तर अधिवेशन संपेपर्यंत निलंबन. २००१ मध्ये आलेल्या नियम ३७४अ नुसार गंभीर प्रकारात सलग पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, यांत जे कमी असेल ते. राज्यसभेत नियम २५५ आणि २५६, तिथेही कमाल मर्यादा अधिवेशनाचीच. या सगळ्यांमागे एकच धागा आहे. सभागृहातून बाहेर काढायचे ते आत काम चालावे म्हणून. काम ज्या अधिवेशनाचे अडले, त्या अधिवेशनापलीकडे तो हेतू शिल्लकच राहत नाही.

राज्याच्या वतीने न्यायालयात सांगितले गेले की ही कारवाई नियम ५३ खालची नाही. सभागृहाचा स्वतःचा अंगभूत अधिकार आहे, तो ठरावाने वापरला आहे, आणि अनुच्छेद २१२ प्रमाणे सभागृहाच्या कामकाजातल्या कार्यपद्धतीच्या अनियमिततेची चौकशी न्यायालय करू शकत नाही. हा युक्तिवाद हलका नाही. विधिमंडळाचे स्वातंत्र्य हे पुरोगामी राजकारणाचेही मूल्य आहे. उद्या एखादे राज्य केंद्राशी झुंजत असताना त्याच्या विधानसभेच्या प्रत्येक हालचालीवर कोर्टकचेरी व्हायला लागली तर ते कुणालाच परवडणारे नाही.

न्यायमूर्ती अजय खानविलकर, दिनेश माहेश्वरी आणि सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने वाट काढली ती खासदारांच्या हकालपट्टीवरच्या २००७ च्या राजाराम पाल निकालाच्या आधाराने. अनियमितता वेगळी आणि बेकायदेशीरपणा वेगळा. अनियमिततेत न्यायालय पडणार नाही, पण उघड बेकायदा, घटनाबाह्य किंवा तर्कशून्य कृती असेल तर अनुच्छेद २१२ ची ढाल पुरत नाही. अंगभूत अधिकार मानला तरी तो प्रमाणात वापरायला हवा, आणि अधिवेशनापलीकडची मुदत ही शिस्त न राहता दंड होते. म्हणून जुलै २०२१ च्या अधिवेशनाच्या उरलेल्या काळापलीकडे हा ठराव निष्प्रभ, असा निकाल झाला. आपली बाजू ऐकली नाही हा याचिकाकर्त्यांचा मुद्दा होता, पण निकाल उभा राहिला तो मुदतीवर. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची पळवाट इथूनच फुटते.

हकालपट्टीपेक्षा वाईट का

या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग मतदारसंघाविषयीचा आहे, आणि तो साध्या हिशेबाने समजतो.

आमदाराची जागा रिकामी झाली, मग ती मृत्यूने असो, राजीनाम्याने असो वा हकालपट्टीने, की लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चे कलम १५१अ लागू होते. सहा महिन्यांत पोटनिवडणूक. (मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल किंवा निवडणूक आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून निवडणूक घेणे अवघड असल्याचे प्रमाणित केले, तरच सूट.) म्हणजे लोकांनी फार तर सहा महिने प्रतिनिधीविना राहावे, असे कायद्याला वाटते. निलंबनात जागा रिकामी होत नाही. आमदार कागदावर असतो, म्हणून पोटनिवडणूक नाही. सभागृहात मात्र तो नसतो. त्या मतदारसंघाला ना जुना प्रतिनिधी, ना नवा. म्हणूनच सुनावणीत न्यायालय म्हणाले की हे हकालपट्टीपेक्षा वाईट आहे. शिक्षा सदस्याला नव्हे तर मतदारसंघाला होते.

न्यायालयाने अनुच्छेद १९०(४) चाही आधार घेतला. सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी जाहीर करता येते, असे तो म्हणतो. आमच्या मते हा आधार थोडा कच्चा आहे. त्या साठ दिवसांतून सत्रसमाप्तीचा (अधिवेशन अधिकृतपणे संपवल्यानंतरचा) काळ आणि सलग चार दिवसांहून मोठी तहकुबी वगळायची असते. आपली विधानसभा वर्षाकाठी जितके दिवस बसते ते पाहता वर्षभराच्या निलंबनातही ते साठ दिवस भरतील याची खात्री नाही. सहा महिन्यांचा युक्तिवाद मात्र भक्कम आहे आणि निकाल त्यावर पेलतो.

आता बारा नावांऐवजी बारा मतदारसंघ पाहा. वांद्रे पश्चिम, विलेपार्ले, कांदिवली पूर्व, चारकोप हे मुंबईतले. बाहेरचे जामनेर, जळगाव जामोद, औसा, शिंदखेडा, चिमूर, माळशिरस, बदनापूर, मूर्तिजापूर. यांतले शेवटचे तीन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राम सातपुते, नारायण कुचे आणि हरीश पिंपळे यांचे राजकारण आम्हाला पटत नाही. पण राखीव जागेमागे बाबासाहेबांचा आणि पुणे करारापासूनचा जो इतिहास आहे, तो आमदाराच्या पक्षाकडे पाहून कमी-जास्त होत नाही. माळशिरसच्या दलित मतदाराने पाठवलेला माणूस वर्षभर सभागृहाबाहेर, आणि हे ओबीसींच्या प्रतिनिधित्वाचा ठराव मंजूर करताना घडले. एका वंचित समूहाच्या जागांसाठी भांडताना दुसऱ्याच्या तीन जागा मुक्या केल्या, याची नोंद आपल्याकडून व्हायला हवी होती.

मुक्या म्हणजे नेमके काय? तारांकित प्रश्न नाही, लक्षवेधी नाही, अर्ध्या तासाची चर्चा नाही, औचित्याचा मुद्दा नाही, अर्थसंकल्पावर कपात सूचना नाही, मत नाही. पीकविम्याचे पैसे कुठे अडले, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का नाही, बसस्थानकाचे काम का रखडले, हे आमदार मंत्र्याला पत्र लिहूनही विचारू शकतो. पण पत्राला उत्तर देण्याचे बंधन नसते. सभागृहातल्या प्रश्नाला असते, आणि ते उत्तर छापील कार्यवाहीत राहते. निलंबनाने हेच बंधन हिरावले जाते.

आकड्यांचा संशय

एकूण २८८ जागा. मे २०२१ मध्ये लागलेल्या पंढरपूर पोटनिवडणुकीच्या निकालानंतर भाजपचे १०६ आमदार होते. बारा वजा केले की ९४. अध्यक्षपद रिकामे आणि निवडणूक तेव्हा गुप्त मतदानाने व्हायची. त्यामुळे फुटीची भीती सत्ताधाऱ्यांना होती, आणि म्हणूनच ही कपात असा आरोप भाजपने केला. हेतू काय होता ते सिद्ध करता येत नाही. पण हत्यार कसे आहे ते निकालात स्पष्ट आहे: काठावरचे बहुमत असलेले सरकार लांबलचक निलंबन वापरून सभागृहातले संख्याबळच बदलू शकते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षाची निवड खुल्या पद्धतीने करण्यासाठी नियम बदलला गेला, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि निवडणूक आघाडीच्या काळात झालीच नाही.

तारखा मात्र बोलक्या आहेत. एकनाथ शिंदे यांचे बंड झाले, सरकार पडले आणि ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ ने मंजूर झाला. ठराव रद्द झाला नसता तर एक वर्षाची मुदत या दोन दिवसांपर्यंत पोचत होती. बारा मते वजा धरली तरी १५२ उरतात, म्हणजे निकाल तोच लागला असता. पण सरकार बदलाच्या मतदानात बारा मतदारसंघ बाहेर उभे राहिले असते, आणि तेव्हाच्या संख्याबळात आणखी थोडा फरक असता तर राज्याचे सरकार त्या बारा जागांवर ठरले असते.

ओबीसी ठरावाचे पुढे काय झाले

ज्या ठरावासाठी हे सगळे घडले, त्याचा प्रवास पाहणे भाग आहे. राज्य सरकार केंद्राकडून आकडे मिळावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की २०११ च्या त्या गणनेतली जातीची माहिती चुकांनी भरलेली आणि वापरण्याजोगी नाही. १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची याचिका फेटाळली गेली. अखेर वाट निघाली ती जयंतकुमार बांठिया आयोगाच्या अहवालातून, जुलै २०२२ मध्ये. म्हणजे राज्यानेच आयोगामार्फत माहिती गोळा करावी लागली.

५ जुलैला विरोधी बाकांवरून मांडलेला मुद्दा कायद्याच्या अंगाने बरोबर होता, हे कबूल करायला आम्हाला अवघड वाटत नाही. केंद्राने जातीचे आकडे दाबून ठेवले हे राजकीयदृष्ट्या चुकीचेच होते आणि त्यासाठी केंद्राला धारेवर धरणेही योग्यच. पण न्यायालयाची अट त्या आकड्यांनी पुरी होणार नव्हती. पुरेशी चर्चा झाली असती, आयोगाला मनुष्यबळ आणि निधी किती, काम किती महिन्यांत, असे प्रश्न त्या दिवशी विचारले गेले असते, तर आयोगाचे काम कदाचित लवकर मार्गी लागले असते. त्याऐवजी ओबीसी कार्यकर्त्यांच्या वाट्याला वर्षभराची अनिश्चितता आली. पुढे महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका इतर वादांतही अडकल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकराज राहिले.

दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना उत्तर म्हणून राज्याने आपली सुधारणा विधेयके मांडली आणि ती लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवली. कामाची पद्धत म्हणून हे उत्तम पाऊल होते. केंद्राने जे केले नाही ते राज्याने केले. पण मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकून विधानभवनाच्या पायऱ्यांवर प्रतिविधानसभा भरवली, आणि बातम्यांत दिसले ते पायऱ्यांवरचे दृश्य.

दिल्लीत २९ नोव्हेंबर

महाराष्ट्राच्या ठरावाला पाच महिने होत नाहीत तोच राज्यसभेने हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, २९ नोव्हेंबर २०२१ ला, बारा खासदारांना उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित केले. आकडा योगायोगाने तोच. कारण दिले ते ११ ऑगस्टच्या, म्हणजे आधीच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशीच्या गैरवर्तनाचे. काँग्रेसचे सहा, तृणमूलच्या दोघी, भाकप आणि माकपचे प्रत्येकी एक, आणि शिवसेनेचे दोन: प्रियंका चतुर्वेदी आणि अनिल देसाई. त्याच दिवशी कृषी कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी चर्चेविना मंजूर केले. वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी मिळवलेल्या विजयावर संसदेत चर्चाच झाली नाही.

मागच्या अधिवेशनातल्या कृत्याची शिक्षा या अधिवेशनात देणे हा नियमाचा विपर्यास होता. विरोधकांनी संसदेच्या आवारात गांधी पुतळ्यापाशी धरणे धरले. पण मुंबईत ज्यांनी एक वर्षाचा ठराव केला त्यांना दिल्लीत तीन-चार आठवड्यांच्या निलंबनाविरुद्ध बोलताना अडखळायला झाले. सत्ताधाऱ्यांना उत्तर द्यायची गरजच पडली नाही, महाराष्ट्राकडे बोट दाखवले की पुरे.

मग डिसेंबर २०२३. १३ डिसेंबरला लोकसभेत दोघांनी प्रेक्षक सज्जातून उडी मारून धूर सोडला. गृहमंत्र्यांनी निवेदन करावे एवढीच विरोधकांची मागणी होती. १४ ला लोकसभेतले १३ आणि राज्यसभेतला १, १८ ला लोकसभेतले ३३ आणि राज्यसभेतले ४५, १९ ला लोकसभेतले ४९, २० ला दोन, २१ ला तीन. एकूण १४६: लोकसभेचे १००, राज्यसभेचे ४६. सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे १९ तारखेच्या यादीत होते. २० आणि २१ डिसेंबरला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम मंजूर झाले. दूरसंचार विधेयकही त्याच दोन दिवसांत. दीडशे वर्षांची फौजदारी चौकट बदलताना विरोधी बाकांवरची बहुतांश माणसे बाहेर होती. पोलीस कोठडीच्या तरतुदी, राजद्रोहाच्या जागी आलेले कलम १५२, यांवर सभागृहात जी उलटतपासणी व्हायला हवी होती ती झालीच नाही.

त्यातही एक बारीक गोष्ट. १८ तारखेला निलंबित झालेल्यांपैकी लोकसभेतल्या तिघांची आणि राज्यसभेतल्या ११ जणांची मुदत अधिवेशनाशी न बांधता विशेषाधिकार समितीच्या (हक्कभंगाची चौकशी करणाऱ्या समितीच्या) अहवालाशी बांधली गेली. खानविलकर निकालाला वळसा घालण्याची ही रीत. वर्ष म्हणायचे नाही, समितीचा अहवाल येईपर्यंत म्हणायचे. राज्यसभा सदस्य राघव चढ्ढा याच रीतीने ११ ऑगस्ट ते ४ डिसेंबर २०२३ बाहेर होते, आणि अनिश्चित मुदतीच्या निलंबनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा प्रश्न विचारावे लागले.

हे आघाडीनेच सुरू केले का

नाही. २२ मार्च २०१७ रोजी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांसाठी, निलंबित केले होते. शेतकरी कर्जमाफीसाठी त्यांनी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ घातला होता. दोन टप्प्यांत ते निलंबन मागे घेतले गेले. त्या १९ जणांत जितेंद्र आव्हाड आणि विजय वडेट्टीवार होते. २०२१ च्या जुलैत हे दोघे मंत्रिमंडळात होते आणि वडेट्टीवार यांच्याकडे बहुजन कल्याण खाते होते. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये अबू आझमी यांच्या शपथेच्या वेळी झालेल्या मारहाणीवरून मनसेच्या चार आमदारांना चार वर्षांसाठी निलंबित केले होते, तेव्हा सरकार काँग्रेस आघाडीचे. म्हणजे नियम ५३ ची मर्यादा प्रत्येक सरकारने ओलांडली. आव्हान न्यायालयात शेवटपर्यंत नेले ते २०२१ च्या बारा जणांनी. मनासारखा याचिकाकर्ता नाही म्हणून निकालाचे मोल कमी होत नाही.

निकालानंतरही धडा घेतला गेला असे नाही. दिल्ली विधानसभेने फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपच्या सात आमदारांना समितीचा अहवाल येईपर्यंत बाहेर ठेवले, तेव्हा आम आदमी पक्षाचे सरकार होते. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २१ मार्च २०२५ ला काँग्रेसशासित कर्नाटकात भाजपचे १८ आमदार सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. तीन वर्षांपूर्वीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर असताना. मे महिन्यात ते मागे घ्यावे लागले. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये अबू आझमींना औरंगजेबाविषयीच्या वक्तव्यावरून निलंबित केले ते मात्र अधिवेशन संपेपर्यंतच. मुदतीची मर्यादा पाळली गेली, पण वक्तव्य सभागृहाबाहेरचे होते. नियम ५३ सभागृहातल्या बेशिस्तीसाठी आहे. बाहेर बोललेल्या वाक्यासाठी तो नाही.

निकाल लागल्यावर आघाडीच्या काळात विधिमंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी राष्ट्रपतींना भेटून न्यायालयीन हस्तक्षेपाबद्दल निवेदन दिले. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बारा जण आत आले. नियम बदलण्याचे काम मात्र कुणीच हाती घेतले नाही. ते काम असे आहे.

पहिले, नियम ५३ मध्ये स्पष्ट वाक्य हवे की ठरावाने केलेले निलंबनही अधिवेशनापलीकडे जाणार नाही आणि समितीच्या अहवालाच्या नावाखालीही नाही. अधिवेशन म्हणजे काय हेही तिथेच लिहायला हवे, कारण सत्रसमाप्ती न करता बैठक महिनोन्‌महिने तहकूब ठेवली तर "अधिवेशन संपेपर्यंत" ही मुदत रबरासारखी ताणता येते. प्रस्तावात प्रत्येक सदस्याचे कृत्य वेगवेगळे नमूद असावे आणि त्याला निदान पाच मिनिटे बोलू द्यावे. मतदान आवाजी नको, विभागणीने हवे, म्हणजे कोणत्या आमदाराने कोणाला बाहेर काढायला हात वर केला ते कार्यवाहीत उतरेल. निलंबन चालू असताना घटनादुरुस्तीला अनुमोदन, विश्वासदर्शक ठराव किंवा अध्यक्षाची निवड आली तर निलंबित सदस्याला मतदानापुरते आत येता यावे. यांतल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ खाली सभागृह स्वतःचे नियम स्वतः करते, नियम समितीची एक बैठक आणि एक प्रस्ताव एवढेच लागते.

दुसरे काम कठीण आहे आणि ते दिवसांचे आहे. दोन दिवसांचे अधिवेशन असेल तर "उरलेले अधिवेशन" म्हणजे उद्याचा दिवस. अशा वेळी सत्ताधाऱ्यांना ही शिक्षा क्षुल्लक वाटते आणि ते वर्षाकडे वळतात. विरोधकांना बोलायला मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो आणि ते वेलकडे धावतात. ५ जुलैचा भडका त्या दोन दिवसांच्या चौकटीत घडला. वर्षाला बैठकांचे किमान दिवस बांधून देणे आणि आठवड्यातला एक दिवस विरोधी पक्षाच्या विषयपत्रिकेला देणे, याची तरतूद झाल्याशिवाय माईक ओढणे थांबणार नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर ही मागणी कुणी करायची ते बदलले आहे. त्या निकालात २८८ पैकी भाजपचे १३२, शिंदे शिवसेनेचे ५७, अजित पवार गटाचे ४१. समोर शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०, म्हणजे मिळून ४६. आज २०२१ सारखा बारा जणांचा ठराव झाला तर आघाडीच्या बाकांवरचा चारातला एक आमदार बाहेर जाईल. एकाही विरोधी पक्षाकडे २९ जागा (सभागृहाचा एक दशांश) नाहीत, या कारणावर विरोधी पक्षनेतेपदही अडून राहिले. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने त्या पदासाठी अध्यक्षांकडे नाव दिले ते भास्कर जाधव यांचे.